दिल्लीच्या स्फोटानंतर घरात रोज बोलणं होतं, ठरत मात्र काहीच नाही. तयारी नेमकी कशाची करायची?

राजेंद्रनगरवासी (इंदूर)

नमस्कार मंडळी. १० नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी दिल्लीत लाल किल्ला मेट्रो स्टेशनजवळ गाडीत स्फोट झाला, तेव्हापासून आमच्याकडे जेवताना रोज हाच विषय निघतो. एप्रिलमध्ये पहलगामला जे २६ लोक मारले गेले त्यांत एक आपल्या इंदूरचे होते. त्यामुळे "हे सगळं तिकडे लांब चाललंय" असं आता घरात कुणी म्हणत नाही. पण रोज बोलून निष्पन्न काय, तर "काळजी घेत जा" म्हणायचं आणि ताटं उचलायची.

आमची परिस्थिती सांगते. अहो पीथमपूरला, कंपनीच्या बसने जातात-येतात. मी जेलरोडला बँकेत आहे, सहा-साडेसहाला सुटते, म्हणजे ऐन गर्दीच्या वेळी राजवाड्यावरून निघते. लेक सतरा वर्षांची, भंवरकुआला क्लासला, रात्री आठपर्यंत. घरी सासूबाई एकट्या. त्यांचं इन्सुलिन चालू आहे, ऐकू कमी येतं आणि टीव्ही दिवसभर सुरू. दिल्लीची बातमी आली तेव्हा आम्ही चौघं तीन-चार ठिकाणी होतो, सगळे एकाच वेळी एकमेकांना फोन लावत होतो, आणि त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाचा फोन व्यस्त लागत होता. इंदुरात काहीही झालेलं नसताना ही गत!

मला विचारायचंय ते हे. उद्या इथेच काही घडलं आणि फोन लागला नाही, तर मी लेकीला आणायला भंवरकुआला जायचं की सासूबाईंकडे घरी यायचं? ह्यांचं म्हणणं, "ज्याला जमेल त्याने पोरीला आणावं." मला ते पटत नाही, पण दुसरं काय ठरवावं तेही सुचत नाही.

आपत्कालीन बॅग भरायचे व्हिडिओ बघितले. त्यात तंबू, कुऱ्हाड, पंधरा-पंधरा दिवसांचं डबाबंद खाणं. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हे घेऊन मी काय करू? खरंच लागतं काय?

लेकीच्या मैत्रिणींनी परीक्षा झाली की रात्री सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जायचं ठरवलंय. पाठवू का? पुढे रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, आहेच. सगळं बंद करून घरात बसणं मला योग्य वाटत नाही. आम्ही सराफ्यात खातच लहानाचे मोठे झालो.

आणखी एक, जे मला फार लागलं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की अमुक लोकांच्या फेरीवाल्यांना फाटकाच्या आत सोडू नका. आमच्याकडे भाजी घेऊन येणारे चाचा माझ्या लग्नाच्या आधीपासून येतात. याला उत्तर काय द्यायचं?

ज्यांनी प्रत्यक्ष काही पाहिलंय, निभावलंय, त्यांनी कृपया लिहावं. फॉरवर्ड नकोत.

सोसायटी सचिव, वैशालीनगर

वहिनी, मी फक्त इमारतीपुरतं सांगतो. ७ मे २०२५ ला देशभर २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली, मध्य प्रदेशात इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर आणि कटनी. आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला बारा मिनिटं ब्लॅकआउट होता. घरोघरचे दिवे लोकांनी मनापासून बंद केले. जिन्यातले दिवे इन्व्हर्टरवर होते, त्यांचं बटण कुठे आहे हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. गच्चीची किल्ली एकाच घरात, ते कुटुंब उज्जैनला गेलेलं. वॉचमनकडे ना ११२ लिहिलेला ना माझा नंबर.

दुसऱ्या दिवशी आम्ही एवढंच केलं. फाटकाजवळ आणि लिफ्टशेजारी पोलीस ११२ आणि अँब्युलन्स १०८ मोठ्या अक्षरांत लावले. गच्चीची आणि पंपाची दुसरी किल्ली वॉचमनकडे ठेवली. आणि फाटकासमोरच्या दोन गाड्या कायमच्या हलवल्या. तिथून अँब्युलन्स आत शिरतच नव्हती, हे आम्ही टेप घेऊन मोजलं तेव्हा कळलं. यावर भांडण झालं, पण गाड्या हलल्या.

भोंग्याचंही सासूबाईंना समजावून ठेवा. खालीवर होणारा, रडल्यासारखा आवाज म्हणजे धोका. सलग एकसुरी आवाज म्हणजे धोका टळला.

११२ वर फोन लागला की आधी ठिकाण सांगायचं, मग काय झालंय, मग किती जणांना लागलंय. फोन मध्येच तुटला तरी जागा तरी कळलेली असते.

निवृत्त सिस्टर (लोकमान्यनगर)

अगं, तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. माझी नोकरीची बरीचशी वर्षं सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत गेली. बॉम्बस्फोटातले पेशंट मी पाहिलेले नाहीत, देव करो कुणाला पाहायला न लागोत. पण बस उलटून एकदम चाळीस माणसं येणं, फटाक्यांच्या गोदामाची आग, हे पाहिलंय. खूप माणसं एकाच वेळी जखमी झाली की कारण कुठलंही असो, दवाखान्यात जे होतं ते सारखंच असतं.

आधी रक्ताचं सांगते. बाकी सगळ्याला थोडा वेळ असतो, त्याला नसतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. मांडीतली मोठी धमनी फाटली तर माणूस काही मिनिटांत जातो, आणि तेवढ्यात १०८ कुठूनही पोचत नाही. त्या वेळी शेजारी जो उभा असेल, त्याच्याच हातात सगळं असतं.

एकदा राऊच्या बाजूने अपघातातला एक मुलगा आला, ट्रॉलीत घालून. त्याच्या मांडीवर एक दूधवाला गुडघा रोवून बसलेला. गमछाची घडी जखमेवर, त्यावर गुडघा, वर दोन्ही हात. धोतर रक्ताने भिजलेलं. वाटेत किती धक्के बसले असतील, पण तो हलला नव्हता. आम्ही म्हटलं, "बाबा, आता सोडा," तर म्हणाला, "आप पकड़ लो, फिर छोडूँगा." मी हात ठेवला तेव्हाच उठला. तो मुलगा पुढे आपल्या पायांनी चालत घरी गेला. त्या दूधवाल्याला प्रथमोपचारातलं अक्षर माहीत नव्हतं. दाबून धरायचं आणि सोडायचं नाही, एवढंच त्याने केलं.

तर हे चौघांनी शिकून घ्या. जे कापड हाताशी असेल ते जखमेवर ठेवून तळहाताने, कोपरं सरळ ठेवून, अंगाचं वजन टाकून दाबायचं. थांबलं का म्हणून दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवायचं. काच किंवा पत्रा आत घुसला असेल तर उपसायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबायचं. हात-पायातून रक्त उडतच राहिलं, दाबूनही थांबेना, तर जखमेच्या वर, धडाच्या बाजूला तीन-चार बोटं सोडून ओढणीची रुंद पट्टी आवळायची. गाठीत काहीतरी दणकट अडकवून पीळ द्यायचा, रक्त थांबेपर्यंत. गुडघ्यावर किंवा कोपरावर बांधायचं नाही. खूप दुखतं, पेशंट ओरडतो, तरी सैल करायचं नाही. बांधल्याची वेळ त्याच्या कपाळावर किंवा हातावर लिहायची. डॉक्टरांना ती लागते.

२०१३ ला बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये दोन स्फोट झाले. तीन जण तिथेच गेले. जखमी अडीचशेच्या वर, कित्येकांचे पाय तुटलेले, पण जिवंतपणी दवाखान्यात पोचलेला एकही दगावला नाही. रस्त्यावरच्या लोकांनी पट्टे आणि शर्ट बांधून त्यांना पोचवलं होतं, आणि ते एकाच दवाखान्यात न कोंबता शहरातल्या वेगवेगळ्या दवाखान्यांत वाटले गेले.

हे दुसरं आपल्याकडे होत नाही, म्हणून कळकळीने लिहितेय. इंदुरात काही झालं की सगळी गर्दी एमवायच्या, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, दारात. आधी येतात ते थोडं लागलेले, कारण ते रिक्षात बसू शकतात, स्कूटरवर मागे बसू शकतात. ज्यांचा जीव टांगणीला असतो ते स्ट्रेचरवरून मागाहून येतात, आणि तोवर टेबलं भरलेली असतात. तुला चालता येत असेल, खरचटलं असेल, काचेने हात कापला असेल, तर मोठ्या दवाखान्यात जाऊ नको. घराच्या बाजूचा लहान दवाखाना गाठ.

नातेवाइकांनीही कॅज्युअल्टीच्या दारात जमू नये. २६ जुलै २००८ ला अहमदाबादला बाजारांमध्ये स्फोट झाले, जखमींना सिव्हिल हॉस्पिटलच्या ट्रॉमा सेंटरला आणत होते, मागोमाग घरची माणसं आली, मदत करायला आली, आणि तिथेच पुढचा स्फोट झाला. मदतीला धावून आलेली माणसं त्यात गेली. तेव्हापासून मी माझ्या घरच्यांना सांगून ठेवलंय, मी ड्यूटीवर असले तरी मला शोधत दवाखान्यात यायचं नाही.

रक्तदानाचंही असंच. संध्याकाळी स्फोट आणि रात्री रांग, हे चांगल्या मनाने होतं, पण त्या रात्री पेशंटला जे चढतं ते आधीच तपासून ठेवलेलं रक्त असतं. नुकतं घेतलेलं रक्त तपासण्या झाल्याशिवाय देता येत नाही. शिवाय ते साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतं, एकदम आलेलं काही वाया जातं. ज्याला मनापासून करायचंय त्याने काही झालेलं नसताना दर तीन-चार महिन्यांनी द्यावं.

एक राहिलं. स्फोटाच्या जवळ असलेल्या माणसाला वरून काहीच लागलेलं नसेल तरी कान बंद झाले असतील, छातीत भरून आल्यासारखं किंवा दम लागल्यासारखं वाटत असेल, तर त्याला त्याच दिवशी दाखवायचं. हवेच्या दाबाने फुप्फुसाला इजा होते, ती बाहेरून दिसत नाही. आणि त्याला ऐकू येत नसतं, म्हणून समोर जाऊन हाताने खुणा करायच्या. हाका मारून तो वळत नाही म्हणजे शुद्ध हरपली असं नाही.

बॅगेत तंबू नको. सासूबाईंच्या औषधांचा आठवड्याचा साठा आणि चिठ्ठीची प्रत, साखर किंवा ग्लुकोजची पुडी, चार सुती रुमाल किंवा जुन्या नऊवारीचे धुतलेले तुकडे, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, थोडी सुटी रोकड, आणि सगळ्यांचे नंबर कागदावर. इन्सुलिनची उघडलेली बाटली फ्रिजबाहेर सावलीत साधारण महिनाभर चालते. उन्हाळ्यात वीज गेली तर माठाजवळ ठेवा, बर्फात मात्र नको, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

राजेंद्रनगरवासी

सिस्टर, मनापासून आभार. हे सगळं कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. एक विचारते, पीळ द्यायला पेन चालेल का? पर्समध्ये तेच असतं. आणि फोनचं कुणी सांगेल का? माझी मुख्य अडचण अजून तीच आहे.

जुना विरारकर (आता सुदामानगर)

फोनचं मी सांगतो.

११ जुलै २००६ ला मी मुंबईत नोकरीला होतो. अंधेरीला ऑफिस, विरारला घर. संध्याकाळी ६.२४ पासून अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले. आमची गाडी अंधेरी सोडून जरा पुढे जाऊन उभी राहिली. कुणी म्हणे सिग्नल, कुणी म्हणे पाणी भरलंय. बऱ्याच वेळाने लोक रुळांवर उतरायला लागले, तेव्हा कळलं.

मोबाईल लागेना. माझाच नाही, कुणाचाच. हजारो माणसं एकाच टॉवरवरून एकाच वेळी बोलायला बघतात, तेव्हा टॉवरची जागा संपते. मुंबईहून विरारला लागत नव्हता. एस. व्ही. रोडवर एका पीसीओला रांग होती, तिथे नंबर लागल्यावर मी इंदूरला थोरल्या भावाचा लँडलाइन फिरवला आणि तो पहिल्या झटक्यात लागला! भाऊ म्हणाला, "तुझ्या बायकोचा फोन येऊन गेला, ती आणि बाळ घरी आहेत, तू बोल कुठे आहेस." तिलाही मी लागत नव्हतो, म्हणून तिनेही त्यालाच फोन केला होता. आम्ही ठरवलेलं नव्हतं, तो नंबर दोघांना पाठ होता इतकंच. त्यानंतर मात्र आम्ही ते ठरवून टाकलं आणि आजतागायत पाळतो.

वहिनी, तुमच्यासाठी हेच. गावाबाहेरचं एक माणूस ठरवा. पुण्याची मावशी, नाशिकची आत्या, जी फोन उचलते अशी. काही झालं की चौघांनी एकमेकांना फोन करायचा नाही, प्रत्येकाने तिलाच एक मेसेज टाकायचा: "मी ठीक, अमुक ठिकाणी आहे, इथेच थांबतेय." साधा एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप नाही. त्याला जागा फार थोडी लागते, आणि नेटवर्क भरलेलं असलं तरी तो रांगेत थांबून मागाहून पोचतो. शिवाय सरकार खबरदारी म्हणून इंटरनेट बंद करतं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप असून नसल्यासारखं. मावशीचा नंबर लेकीला तोंडपाठ हवा. फोन गर्दीत पडतो, बॅटरी संपते.

लेकीला कोणी आणायचं? माझं स्पष्ट मत, कुणीही नाही. तुम्ही राजवाड्यावरून भंवरकुआला निघालात, ती तिथून घरी निघाली, पीथमपूरहून ह्यांनी तिसरीच वाट धरली, तर तिघंही रस्त्यावर. पोलीस रस्ते बंद करतात, नेमक्या त्याच वेळी तुम्ही गाड्यांच्या गर्दीत अडकता, आणि अँब्युलन्सचीही वाट अडते. ज्याने त्याने आहे तिथे, आत, काचांपासून लांब थांबायचं. स्फोटात काच फार लांबपर्यंत लागते. रस्ते मोकळे झाले असं कळलं की मगच निघायचं. घरी जाणं अशक्य झालं तर जायची दुसरी जागाही आधीच ठरलेली हवी.

त्या रात्री मी बराचसा रस्ता चालत काढला. रस्त्याच्या कडेला लोक पाणी, बिस्किटं घेऊन उभे होते, अनोळखी माणसांना गाडीत घेत होते. आणि रुळांवरून जखमींना उचलून नेणारे कोण होते? रुळांलगतच्या झोपडपट्ट्यांतली माणसं. घरातल्या चादरी घेऊन आली, चादरीची झोळी करून माणसं नेली. कोण कुठल्या धर्माचा हे उचलणाऱ्यानेही विचारलं नाही आणि उचललेल्यानेही. तुमच्या ग्रुपवरच्या त्या गृहस्थांना हे सांगा. आणखी एक सांगा. २०१० ला न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये स्फोटकं भरलेली गाडी धुमसतेय हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते फुटपाथवर माल विकणाऱ्या फेरीवाल्यांच्या. त्यांनी पोलिसांना सांगितलं, चौक रिकामा झाला, माणसं वाचली. जो रोज त्याच जागी उभा असतो त्यालाच कळतं की आज इथे काहीतरी वेगळं पडलंय. तुमच्या चाचांना फाटकावर अडवण्यापेक्षा वॉचमनचा नंबर त्यांच्याकडे देऊन ठेवा.

बेवारस पिशवी दिसली तर हात लावायचा नाही, लाथ मारायची नाही, वर बादली-बिदली झाकायची नाही. लांब व्हायचं, पक्क्या भिंतीआड जायचं, ११२ ला कळवायचं.

सराफ्यात लेकीला जरूर पाठवा. फक्त गेल्या गेल्या पोरींनी दोन वाटा बघून ठेवाव्यात. आलो त्या वाटेने सगळेच पळतात आणि चेंगराचेंगरी तिथेच होते. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी गोळीबार दिसताच माइकवरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगितलं, त्यामुळे किती लोक वाचले. प्रत्येक ठिकाणी सांगायला असा माणूस नसतो, म्हणून आपल्याला आधी माहीत हवं. सराफ्यात तर गल्ली अरुंद आणि दोन्ही हातांना गॅसच्या शेगड्या. खायला उभं राहायचं ते आडव्या गल्लीच्या तोंडाशी. गर्दीचा लोंढा आलाच तर हात छातीपुढे घडी घालून श्वासापुरती जागा राखायची, लोंढ्याच्या उलट न जाता तिरकं सरकत कडेला यायचं, आणि चप्पल निघाली तर निघू द्यायची. वाकलेला माणूस उठत नाही. गेरमध्येही हेच.

आणि पोलीस कुठे उभे आहेत, कुठून आत शिरतायत याचे व्हिडिओ ग्रुपवर टाकू देऊ नका. २६/११ ला टीव्हीवरचं थेट चित्रण बघून पलीकडून हल्लेखोरांना सूचना दिल्या जात होत्या. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्यावरून कडक शब्दांत सुनावलं होतं.

भंवरकुआ होस्टेलवासी (मूळ बुऱ्हाणपूर)

काकू, मी तुमच्या मुलीच्याच भागात राहतो. इथल्या बऱ्याच क्लासेसना जायला-यायला एकच जिना आहे, आणि जिन्याखाली बाईकांची रांग. सुरतला २४ मे २०१९ ला तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या क्लासमधले २२ जण गेले, खाली उतरायला वाटच राहिली नव्हती. तेव्हा हल्ल्याचं सोडा, तिच्या क्लासला गच्चीचं दार उघडं असतं का, मागून जिना आहे का, हे एकदा जाऊन बघा. आम्ही मुलांनी आमच्या मालकांना विचारलं तर टाळाटाळ झाली. तुमच्यासारखे चार पालक एकत्र गेले की ऐकतात. गच्चीचं कुलूप निघालं आमच्याकडे, पण पालक आले तेव्हाच.

बाहेरगावच्या मुलांसाठी एक विनंती. आम्हाला इथे कुणी नसतं. तुमच्या लेकीच्या वर्गातली एखादी होस्टेलची मुलगी तुमच्या यादीत घ्या.

निवृत्त सिस्टर (लोकमान्यनगर)

पेन मोडतं. लाकडी लाटणं, जाड चमचा, स्क्रू-ड्रायव्हर यातलं काही चालेल. पर्समध्ये ठेवायचा तर स्टीलचा जेवायचा चमचा ठेव, कुणाला वेगळं वाटणारही नाही.

आणि विरारकरांनी दुसऱ्या जागेचं लिहिलंय. माझं घर लोकमान्यनगरला आहे. भंवरकुआहून पोरगी मोठ्या रस्त्याला न येता पायी येऊ शकते. मी बहुतेक वेळ घरीच असते. तिला, आणि त्या होस्टेलच्या मुलीलाही, माझा पत्ता देऊन ठेव. तुला निरोपातून पाठवते.

राजेंद्रनगरवासी

सिस्टर, काय लिहू. पत्ता मिळाला. रविवारी लेकीला घेऊन तुमच्याकडे येतेय, भंवरकुआहून पायीच, म्हणजे वाट तिच्या पायाखालची होईल.

काल रात्री आम्ही चौघं बसलो आणि ठरवलं. निरोप पुण्याच्या नणंदेकडे, एसएमएसने. लेकीने तिचा नंबर आजीला पाठ करून दाखवला आणि आजीकडूनही पाठ करून घेतला. काही झालं तर अहो पीथमपूरला कारखान्यातच थांबतील, मी बँकेत थांबेन, लेक क्लासच्या इमारतीत, आणि ती जागा सोडावी लागली तर सिस्टरांकडे. ह्यांना हे सोपं गेलं नाही. "पोरगी तिथे आणि मी इथे बसून राहू?" असं दोनदा म्हणाले. मग लेकच म्हणाली, "बाबा, तुम्ही रस्त्यावर आहात हे मला कळलं तर मीही क्लासमध्ये बसून राहणार नाही." तिथे तो विषय मिटला.

सासूबाईंसाठी शेजारच्या जोशी काकूंकडे आमची एक किल्ली आणि इन्सुलिनच्या वेळा लिहिलेला कागद दिला. बातम्या चालू झाल्या की काकू येऊन टीव्ही बंद करतील आणि त्यांच्यापाशी बसतील, हे काकूंनी आपणहून सांगितलं.

ग्रुपवर मी विरारकरांनी लिहिलेलं माझ्या शब्दांत टाकलं, चादरींचं आणि टाइम्स स्क्वेअरचं. त्या गृहस्थांनी उत्तर दिलेलं नाही. दोन-तीन जणांनी मात्र खाली लिहिलं की चाचांचा आणि दूधवाल्याचा नंबर वॉचमनच्या वहीत घेऊ. चाचांना आज सकाळी विचारलं. ते म्हणाले, फाटकाबाहेर एक स्कूटर किती दिवसांपासून धूळ खात उभी आहे, कुणाची ते बघा. सचिवांना कळवलंय.

क्लासच्या गच्चीसाठी पाच पालक तयार झालेत. होस्टेलवासी, शनिवारी अकराला तूही येशील का? कुठल्या दाराबद्दल बोलायचं ते तूच नीट दाखवू शकशील.